डावा पीळ

एलेउतेरिओ म्हणाला, गाडी दमते.
आचाकाचीहून बटाट्याची पोती घेऊन येताना
शेवटच्या चढाला दुसऱ्या गिअरवर येते,
मागे काळा धूर,
आणि धुरामागचे बसवाले माझ्या आईचा उद्धार करतात.

मी म्हटलं, इथे कोण दमत नाही?
चार हजार मीटरवर आपलं एल आल्तो.
समुद्रकाठी हवेचे शंभर भाग मिळत असतील
तर आपल्या वाट्याला बासष्ट.
टर्बो त्यासाठीच तर बसवलेला असतो,
आहे तीच हवा दाबून, कोंबून आत भरायला.
तेव्हा डोंगराला दोष देऊ नकोस.
डोंगर गेल्या वर्षीही एवढाच उंच होता.

रुफोला शेजारी बसवलं, मीटर त्याच्या मांडीवर,
विमानतळामागच्या रस्त्यावर पाय पूर्ण दाबला.
काटा उठला,
अर्ध्यावर जाऊन टेकला
दुपारच्या चौकीदारासारखा.

अशा वेळी पोरं थेट टर्बोच सोडवायला बसतात.
महागडी वस्तू आधी पकडायची, हा गरिबांचा जुना रोग.
मी म्हणते, आधी बघा हवा कुठे मुरतेय.

फिल्टरमध्ये किनवाचा भुसा, एक वाळलेली माशी, पण वाट मोकळी.
इंटरकूलरच्या पाइपांत हवा भरून
बाहेरून साबणाचं पाणी फासलं. बुडबुडा एकही नाही.
टर्बोचा दांडा दोन बोटांत धरला:
किंचित वर-खाली, आत-बाहेर मुळीच नाही.
पात्यांवर ओरखडासुद्धा नाही.

रुफो, स्टार्टर मार. ती कांडी बघ.
इंजिन लागलं की ती ओढली गेली पाहिजे.
कांडी ढिम्म.
हातपंपाने ओढ दिली, तर सरसर आली
आणि येऊन थांबली, पाच मिनिटं, शहाण्यासारखी.
म्हणजे तिचं काही चुकत नव्हतं.
तिला ओढणारंच कोणी नव्हतं.

ब्रेक जड लागतो का रे?
एलेउतेरिओने गालातला कोका इकडून तिकडे केला.
हो. मला वाटलं, पाय म्हातारा झाला.

ब्रेक आणि टर्बो, दोघं एकाच पंपाच्या ओढीवर.
मग नळी धरली आणि बोटाबोटाने मागे गेले.

गाडी जपानची, जन्माने उजव्या स्टीअरिंगची.
इकीकेच्या बंदरात असल्या गाड्यांचं चाक डावीकडे आणतात,
ब्रेकही सोबत सरकतो,
आणि नळ्या अपुऱ्या पडतात.
अपुऱ्या नळीला दुसरी जोडतात, कुठेही, कशीही.

जोड सापडला. एक्झॉस्टच्या अगदी कुशीत.
रबराचा पापड झालेला, बोट लावताच तुकडा पडला.
त्यावर तांब्याची तार. तीन वेढे, टोक आत दुमडलेलं,
पीळ डावीकडे.

सगळं जग उजवीकडे पिळतं.
डावीकडे पिळणारा मला एकच माहीत आहे.
माझ्याच पकडीवर शिकला
आणि तीच पकड घेऊन गेला, नऊ वर्षं झाली.
सेवेरो. धाकटा.
पोचलो, एवढाच एक फोन.

नळी जळाली होती. पीळ गेला नव्हता.

माएस्त्रा, नवी किती कापू, रुफो विचारत होता.
दोन हात, म्हटलं. आणि वरून ने, लांबून.

गाडी कधी घेतलीस?
गेल्या कार्निव्हलला. तेव्हा नुकतीच बंदरातून आलेली.
कोणी बदललं चाक?
तो हसला. कागदावर कोणाचं नाव असतं का?

संध्याकाळी त्याच रस्त्यावर काटा उठला
आणि जिथे जायला हवा तिथे गेला.
एलेउतेरिओने निम्मे पैसे दिले, निम्मे बटाटे.

तार माझ्या खिशात आहे.
कार्निव्हलपर्यंत तरी त्याचे हात चालू होते,
एवढं मला आता कळलंय.
आणि राग येतोय, खरंच सांगते, राग:
एक्झॉस्टजवळून रबर नेऊ नये,
हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं.